राखीव बाटल्या

डॉक्टर लाहिरी स्टूल ओढून खाटेशेजारी बसले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कालिंदीने ओळखलं. एरवी ते उभ्याउभ्याच बोलत. पायावरची सूज बोटाने दाबून बघायची, दोन प्रश्न विचारायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचं, ही त्यांची रीत. माणूस चांगला होता, पण त्यांच्यापाशी वेळ म्हणून नसायचाच. आज ते बसले, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मिस्टर टिपणीस, मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे."

श्यामकांत टिपणीस भूगर्भ सर्वेक्षण खात्यात अधिकारी होते. मूळचे नागपूरचे, बदली होऊन कलकत्त्याला आले त्याला बरीच वर्षं झाली होती. सिंहभूमच्या डोंगरांत महिनोन्‌महिने तंबू ठोकून राहिलेला, खांद्यावर दगडांची पिशवी घेऊन दिवसभर चालणारा हा माणूस. पण गेल्या वर्षी दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत गेली आणि आता त्यांना पाणीसुद्धा वाटीने मोजून प्यावं लागत होतं. दर दहा-बारा दिवसांनी शहरातल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात जाऊन राहायचं. तिथे बेंबीखाली छोटा छेद देऊन पोटात नळी घालत, काचेच्या बाटल्यांतलं औषधी पाणी तिच्यातून आत सोडत आणि थोड्या वेळाने तेच परत काढून घेत. रक्तातलं विष त्या पाण्यात उतरून बाहेर येई. एका खेपेला बाटल्यांची रास लागायची. त्यानंतर आठवडाभर श्यामकांत माणसांत येत, वर्तमानपत्र वाचत, कालिंदीच्या अळणी भाजीला नावं ठेवत. असं दसऱ्यापर्यंत निभावून न्यायचं होतं. दक्षिणेतल्या एका मिशनच्या इस्पितळात दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवण्याच्या शस्त्रक्रिया नुकत्याच सुरू झाल्या होत्या. नागपूरची धाकटी बहीण नलिनी आपलं एक द्यायला तयार होती आणि तिकडून, दसऱ्यानंतर या, असं उत्तर आलं होतं.

पण साल एकाहत्तर होतं आणि महिना जूनचा. सीमेपलीकडच्या पूर्व बंगालातून माणसांचे लोंढे येत होते आणि त्यांच्याबरोबर कॉलरा आला होता. दहा वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या बेटांवरून निघालेली ती साथ तेव्हापासून देशोदेशी हिंडत होती. आता छावण्यांच्या चिखलात तिला रान मोकळं मिळालं. इस्पितळाच्या व्हरांड्यांत चालायला जागा उरली नव्हती.

डॉक्टर लाहिरी जे बोलले ते थोडक्यात असं होतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलेली माणसं उशिरा पोचतात. सलाइन देऊन जीव वाचतो, पण काहींची मूत्रपिंडं तोवर थंडावलेली असतात. लघवी थांबते आणि आठवडाभरात विष चढून माणूस जातो. बाटल्या बनवणारा कारखाना आता रात्रंदिवस फक्त सलाइन बनवतो आहे. पोट धुण्याच्या पाण्याच्या ज्या बाटल्या इस्पितळात आहेत त्या शेवटच्या. म्हणून जुन्या रोग्यांनी आपली पाळी सोडावी.

श्यामकांतांनी विचारलं, "ती माणसं वाचतील?"

"वेळेवर मिळालं तर बरीचशी. आठ-दहा दिवस रक्त साफ ठेवलं की त्यांची मूत्रपिंडं आपसूक चालू होतात."

"आणि माझी?"

"ती आता चालू व्हायची नाहीत," डॉक्टर म्हणाले. श्यामकांतांनी खिडकीबाहेर व्हरांड्यातल्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. द्या त्यांना."

कालिंदी पायथ्याशी उभी होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर रामधनी नावाचा चटकलीतला, म्हणजे तागाच्या गिरणीतला, मजूर होता. त्याचंही दुखणं तेच. श्यामकांतांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, याला सांगितलंत का? लाहिरी म्हणाले, त्याला दुर्गापूजेनंतर ये असं सांगून सोडणार आहोत, एवढं सगळं त्याला कळायचं नाही. "मला कळतं म्हणून मला विचारता आणि त्याला कळणार नाही म्हणून परस्पर घालवता, हे काही बरं नाही, डॉक्टर," श्यामकांत म्हणाले. पण त्यांचा आवाज चढला नाही, आणि रामधनी दुसऱ्या दिवशी सकाळी आपली चादर काखेत मारून निघून गेला. तीन आठवड्यांच्या आत तो वारल्याचं वॉर्डातल्या आयाने कालिंदीला सांगितलं.

घरी आल्यावर कालिंदी दोन दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा बांध फुटला. तुमचा जीव तुमचा एकट्याचा आहे का, असं तिने विचारलं. नलिनी तिकडे चाचण्या करून घेते आहे, मी इकडे मिठाचा कण घरात येऊ देत नाही, आणि तुम्ही एका वाक्यात सगळं देऊन मोकळे झालात. श्यामकांतांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक तंबू आहे आणि पाऊस आलाय," ते म्हणाले. "आत मी एकटा बसलोय आणि बाहेर दहा जण भिजताहेत. माझ्याच्याने बसवलं नसतं, कालिंदी. तुला विचारलं नाही ही माझी चूक. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मी तिथेच बसून राहिलो असतो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. रागावली होती, पण त्या रागातही तिला नवऱ्याचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचाही राग आला.

आठवड्यामागून आठवडा गेला. श्यामकांतांचा चेहरा सुजला, अंगाला खाज सुटली, अन्न नकोसं झालं. दुपारी बोलता बोलता त्यांना झोप लागे. श्वासाला एक उग्र दर्प येऊ लागला. कालिंदी उशाशी उदबत्ती लावायची. कधी ते जागे झाले की विचारायचे, काही कळलं का, किती जण बरे झाले? ती म्हणायची, विचारून येईन.

मराठी मंडळाच्या बायका तेव्हा सॉल्ट लेकच्या छावणीत दुधाची भुकटी आणि जुने कपडे घेऊन जात. तिथे नवीन वस्तीसाठी भर घालून तयार केलेली वाळूची मैदानं होती आणि त्यांवर हजारो माणसं झोपड्यांत राहत होती. काही तर गटारांसाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या नळांत. एक दिवस शेजारच्या मासीमांना, म्हणजे बंगाली मावशींना, श्यामकांतांजवळ बसवून कालिंदीही त्या बायकांबरोबर गेली. दुधाचं निमित्त होतं. ज्यांच्यासाठी आपल्या माणसाने जागा सोडली त्यांचं तोंड तिला एकदा बघायचं होतं.

एका नळाच्या तोंडाशी म्हातारा बसला होता आणि त्याच्या मांडीवर एका तरुण बाईचं डोकं होतं. म्हाताऱ्याचं नाव मनींद्र, जेसोरकडचा शेतकरी. ती त्याची सून, बिंदुबाला. मुलगा वाटेतच कुठे चुकला, जिवंत आहे की नाही ठाऊक नव्हतं. सुनेला कॉलरा झाला होता, तो बरा झाला, असं म्हातारा सांगत होता. जुलाब थांबले, पण पोरगी उठत नाही, नुसती झोपते. कालिंदी वाकली. सुजलेल्या पापण्या, थांबून थांबून लागणारी उचकी, आणि श्वासाला तोच दर्प.

"लघवी होते का हिला?" तिने बंगालीत विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. तीन-चार दिवस नाही.

छावणीतल्या डॉक्टरने सरळ सांगितलं की अशांना कुठेच कोणी घेत नाही. कालिंदी म्हणाली, एका इस्पितळात घेतात, त्यांच्यासाठी तिथे बाटल्या राखून ठेवल्या आहेत, मला पक्कं माहीत आहे. तो तरुण डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. आपण याच महिन्यात अशी पाच-सहा माणसं तिथे पाठवली, सगळी परत आली, असं तो म्हणाला. कालिंदीला वाटलं, याची काहीतरी गल्लत होते आहे. दुधाच्या रिकाम्या ट्रकमध्ये बिंदुबालाला आडवं करून ती म्हाताऱ्याला घेऊन निघाली.

गल्लत झाली होती ती तिचीच. इस्पितळात पोट धुण्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. दारातला शिपाई म्हणाला, पाणी संपलं, ही खोली बंद आहे. कालिंदीने काचेला डोळा लावला. खाट रिकामी होती, वर स्वच्छ चादर अंथरलेली. भिंतीशी मांडणीवर बाटल्याच बाटल्या ओळीने उभ्या होत्या. कोणी त्यांना हात लावलेला दिसत नव्हता.

तिने लाहिरींना शोधून काढलं. तिला बघताच त्यांचा चेहरा पडला. व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन ते हलक्या आवाजात बोलले. सुपरिंटेंडेंट साहेबांचा हुकूम होता. शहरातले एक बडे गृहस्थ, मोठे कारखानदार, मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. त्यांना अजून गरज पडलेली नव्हती, पण पडली तर बाटल्या हाताशी हव्यात. म्हणून साठा राखीव.

"आणि कॉलऱ्याची माणसं?" कालिंदीने विचारलं. "किती जणांना दिलंत?"

"पहिल्या एकाला. त्यानंतर..." लाहिरी थांबले. "त्यानंतर खोली उघडली नाही."

"म्हणजे तुम्ही माझ्या नवऱ्याकडून मागून घेतलंत आणि कपाटात ठेवलंत."

मी तुमच्याकडे आलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं, एवढंच ते म्हणाले. हे खरंही असावं. पण नंतर कळल्यावर ते तीन आठवडे गप्प बसले, हेही तितकंच खरं होतं. कालिंदीचं डोकं सणकलं. घरी एक माणूस विचारत होता, किती जण बरे झाले. रामधनी घरी जाऊन मेला होता. आणि इथे रिकाम्या खाटेवर चादर रोज बदलली जात होती.

ती तडक सुपरिंटेंडेंटच्या खोलीत शिरली. लाहिरी मागोमाग आले. साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले की छावणीतली माणसं आज इथे तर उद्या तिथे, त्यांच्या जिवाची हमी कोण देणार. ज्यांच्या देणगीवर या इस्पितळाचे दोन वॉर्ड उभे आहेत त्यांचा विचार मला करावा लागतो. हे सांगताना त्यांना काहीच वाटत नव्हतं. शेवटी ते पुढे झुकले.

"तुमची काळजी मी समजू शकतो. मिस्टर टिपणीस सुशिक्षित माणूस आहेत, सरकारी अधिकारी आहेत. तुम्ही त्यांना उद्या सकाळी घेऊन या. त्यांच्यापुरतं मी बघतो. मात्र याची बाहेर वाच्यता नको."

सकाळी श्यामकांतांना ओकारी झाली होती, तिला हाक मारताना ते तिचं नाव विसरले होते. आणि हा माणूस आठ-दहा दिवसांचं आयुष्य पेल्यात घालून पुढे करत होता. घ्यावं असं तिला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. होकार तिच्या ओठांवर आला होता. तो आला नव्हता असं ती नंतर कधीच म्हणाली नाही. मग तिला व्हरांड्यात फरशीवर बसलेला मनींद्र आठवला, आणि पेला पुढे करणाऱ्याची तिला चीड आली.

"त्यांना मी आणतेच," ती म्हणाली. "पण जी बाई तुमच्या दारात पडली आहे तिला आज आत घ्या. दोघांना पुरेल इतकं आहे; मी पाहिलंय. गप्प राहायचं मोल म्हणून मला काही नको."

साहेबांचा चेहरा कोरा झाला. ते शक्य नाही, असं म्हणून त्यांनी समोरचा फोन उचलला. तेवढ्यात लाहिरी, जे आतापर्यंत भिंतीला टेकून उभे होते, वळले आणि बाहेर गेले. कालिंदी धावत मागे गेली. त्यांनी शिपायाकडून किल्ली मागितली. तो का-कू करू लागला तसं त्याच्या कमरेच्या जुडग्यातून स्वतःच काढून घेतली. मनींद्रने आणि कालिंदीने मिळून बिंदुबालाला उचललं. त्या स्वच्छ चादरीवर तिचे चिखलाने माखलेले पाय टेकले. लाहिरींनी हात धुतले आणि नळी घातली. शेजारच्या वॉर्डातल्या दोन नर्स न बोलावता येऊन बाटल्या उतरवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालिंदीने श्यामकांतांना टॅक्सीत घातलं. वाटेत तिने त्यांना सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकताहेत की झोपलेत हे तिला कळत नव्हतं. बिंदुबालाच्या खाटेशी लाहिरी होते, तिचं पोट धुणं चालू होतं. पण मांडणी मोकळी होती. नर्सनी बिंदुबालापुरत्या खाटेशी उतरवलेल्या बाटल्या तेवढ्या राहिल्या होत्या; उरलेल्या सकाळीच साठ्याच्या खोलीत हलवून तिला नवं कुलूप लावलं होतं. लाहिरींच्या हातात उत्तर बंगालमधल्या एका जिल्ह्याच्या इस्पितळात तातडीने रुजू होण्याचा हुकूम होता. आहे त्या बाटल्या संपेपर्यंत मी इथून हलत नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

सुपरिंटेंडेंट व्हरांड्यात भेटले. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या श्यामकांतांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते कालिंदीला म्हणाले, "मी तुम्हाला सोय देऊ केली होती. तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत. आता माझा नाइलाज आहे."

श्यामकांतांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांच्या संसारात कालिंदीने त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो आताही फारसा चढला नाही, त्यांच्यात तेवढी ताकदच नव्हती. पण व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली.

"तिच्याशी नका बोलू, माझ्याशी बोला. पाळी माझी होती. मी ती मरणाऱ्या माणसांना दिली. तुमच्या कपाटाला दिली नव्हती. कोणाला विचारून तुम्ही ती अडवून ठेवलीत?"

साहेब म्हणाले की हा प्रशासनाचा अंतर्गत प्रश्न आहे.

"माझं मरण तुमचा अंतर्गत प्रश्न कसा काय?" श्यामकांत म्हणाले. "आणि ज्यांना दारातून परत पाठवलंत त्यांचं?"

त्यांना धाप लागली. साहेब निघून गेले. कालिंदी मागे धावणार होती, पण श्यामकांतांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला. घरी परतताना ते रडले. मरणाची भीती वाटून नव्हे, हे तिला कळत होतं. आपल्याला मूर्ख बनवलं गेलं, या अपमानाने ते रडत होते.

त्यानंतर ते आठवडाभरही काढू शकले नाहीत. नलिनी नागपूरहून आली तेव्हा त्यांना ओळख उरली नव्हती.

बिंदुबाला वाचली. दहाव्या-बाराव्या दिवशी तिची मूत्रपिंडं चालू झाली. लाहिरींनी जाण्यापूर्वी सांगितल्याप्रमाणे नर्सनी तिला शेवटपर्यंत सांभाळलं होतं. मनींद्र पत्ता शोधत कालिंदीच्या घरी आला, पायरीवर बसला, आणि दारातून दिसणाऱ्या फोटोला घातलेला हार बघून त्याने खांद्यावरचं फडकं तोंडाशी धरलं. कालिंदीने त्याला चहा दिला. पोरगी वाचल्याचा तिला आनंद झाला, अगदी खरा आनंद. पण चीड त्याने तसूभरही कमी झाली नाही. एक वाचू शकली म्हणजे बाकीचेही वाचू शकले असते, हे आता तिला डोळ्यांनी दिसत होतं.

मंडळाने शोकसभा ठेवली. अध्यक्ष दिगंबरराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि बोलायला लागले की थांबत नसत. टिपणीसांनी निर्वासित बांधवांसाठी प्राणांचं दान केलं, असा त्याग विरळा, कलकत्त्यातल्या प्रत्येक मराठी माणसाची मान ताठ झाली, असं ते म्हणत होते. पुढच्या रांगेत बसलेली कालिंदी उठून उभी राहिली. दिगंबररावांना वाटलं तिला रडू आवरत नाही. त्यांनी भाषण थांबवलं.

"दिगंबरराव, त्याग म्हणू नका," ती म्हणाली. "त्यांनी दिलं हे खरं. पण ज्यांच्यासाठी दिलं त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. मधल्यामध्ये लुबाडलं गेलं. त्याग म्हटलं की सगळे हात जोडतात आणि घरी जातात, लुबाडणारा मोकळा सुटतो. तुमच्यापैकी कितीतरी जण सरकारात आहेत. कोणाची ओळख कुठपर्यंत पोचते ते मला सांगा."

सभागृहात चुळबुळ झाली. चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. एक-दोघांनी मात्र नावं दिली, आणि एकाने आपल्या वरिष्ठांना गळ घातली, म्हणून चौकशी तरी लागली.

हिवाळ्यात, युद्ध संपून छावण्या रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा, चौकशी अधिकाऱ्याने तिला बोलावलं. लाहिरींनी जिल्ह्यातून येऊन साक्ष दिली होती, स्वतःचं गप्प राहणंही त्यात लपवलं नव्हतं. तरी गैर काही आढळलं नाही, असं अधिकारी म्हणाला. संकटाच्या काळात साठा राखून ठेवणं हे सुपरिंटेंडेंटच्या अधिकारातलंच होतं. कालिंदीने विचारलं, मग त्या उरलेल्या बाटल्या त्या गृहस्थांना दिल्या का?

अधिकाऱ्याने जरा चाचरत सांगितलं, त्यांना लागल्याच नाहीत. ते ऑगस्टातच उपचारासाठी विलायतेला गेले.

"मग बाटल्या?"

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं, तो म्हणाला. ओतून द्याव्या लागल्या.

तो अस्वस्थ झाला आणि तिला पाणी विचारू लागला. "हे तुमच्या अहवालात लिहिलंय का?" कालिंदीने विचारलं. नाही, तो मुद्दा चौकशीच्या कक्षेत नव्हता. "मग आणा कक्षेत," ती म्हणाली आणि उठली.

नलिनीने तिला नागपूरला चल म्हणून परोपरीने सांगितलं. ती गेली नाही. श्यामकांतांच्या खात्याने तिला कार्यालयात नोकरी दिली आणि ती कलकत्त्यातच राहिली. सुपरिंटेंडेंट पुढे बढती घेऊन गेले. दर महिन्याला एक दिवस रजा काढून ती सरकारी कचेरीत जाई, त्याच त्या बाकावर बसे आणि चौकशी पुन्हा उघडण्याच्या आपल्या अर्जाचं काय झालं ते विचारी. कारकून तिला ओळखू लागले होते. "दीदी, आता कशाला?" असं त्यांच्यातला एक जण दर वेळी कळवळून विचारायचा, आणि ती दर वेळी त्याला, अगदी पहिल्या दिवशीच्या रागाने, सगळं सुरुवातीपासून सांगायची.